इंजिनाचाही श्वास असतो, बॉस!

रावेतच्या मुकाई चौकात फर्स्ट गिअरवर रांगायचं आणि थोड्याच वेळात किवळ्याहून एक्स्प्रेस-वेला लागून काटा शंभरवर न्यायचा! माझी सेकंडहँड हॅचबॅक हे निमूटपणे करायची. गेल्या महिन्यात मात्र सकाळी स्टार्टरबरोबर खडखडली.

तेव्हा कळलं, इंजिनही श्वास घेतं. व्हॉल्व्ह म्हणजे त्याच्या नाकपुड्या, त्यांची उघडझाप करतो कॅमशाफ्ट. ३००० आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला चक्क २५ वेळा उघडतो! ट्रॅफिकमध्ये हवा संथ, म्हणून आत घेणारा व्हॉल्व्ह लवकर मिटलेला बरा, नाहीतर हवा उलटी फिरते. हायवेला हवा वेगात घुसते. तिथे तो जरा उशिरा मिटला, की जास्त हवा भरते, ताकद वाढते. पूर्वी ही वेळ कायमची ठरलेली असायची. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगमध्ये कॉम्प्युटर हुकूम सोडतो आणि ऑइलचं प्रेशर कॅमशाफ्टला काही अंश पुढे-मागे फिरवतं. २०२१ मध्ये आपल्या चाकणहून आलेल्या टायगुनमध्येही हीच युक्ती आहे.

थोडक्यात, सगळा खेळ ऑइलचा. आणि मी दोनदा ऑइल-चेंज पुढे ढकललेला! गाळ साचला, प्रेशर पोचेना.

मेकॅनिककाका शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, तेलाचे वाचवलेत ना? आता इथं मोजा.’’

मोजले. तुम्ही आजच डिपस्टिक बघा!