काटा खोटं बोलतोय, दोष ई२० चा की फ्लोटचा?

पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालात आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून थेट शून्यावर आला तर? सध्या पहिला संशय जातो ई२० वर. तो कितपत खरा?

२०% इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने याविरोधातली याचिकाही फेटाळली. म्हणजे जुन्या बाईकलाही हेच पेट्रोल. इथेनॉल ओलावा शोषतं. मुळशीच्या पावसात अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली, तर गंज धरू शकतो, जुनं रबर फुगू शकतं.

पण काटा चालतो फ्लोटवर. तो वर-खाली होतो, त्याच्या दांडीमुळे रेझिस्टन्स बदलतो, मीटर तेवढंच वाचतं. आतली पट्टी झिजली की काटा उड्या मारणारच, पेट्रोल कुठलंही असो.

म्हणून आधी तपासा. कार्ब्युरेटरवाली बाईक असेल तर इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मोकळ्या हवेत टाकी पूर्ण रिकामी करा. जवळ ठिणगी नको. नट आलटूनपालटून सोडवा, दांडी न वाकवता युनिट तिरकं करून काढा. मल्टिमीटर लावून दांडी फिरवा. आकडा सलग बदलला तर वायरिंग बघा, मध्येच तुटला तर युनिट बदला. गॅस्केट नवीनच टाका.

इंजेक्शनवाल्या बाईकमध्ये पंपात प्रेशर असतं, तिथे मेकॅनिकच बरा.

तोवर टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे हिशेब करताना मायलेज थोडं कमीच धरा.