मागच्या रांगेतल्या ताई



गेल्या आषाढ पौर्णिमेला एका वस्तीतल्या विहारात दहावी-बारावीच्या मुलामुलींचा सत्कार होता. त्रिशरण-पंचशील झाले, वह्या वाटून झाल्या, आणि आम्ही मुलींना सहज विचारले, ‘तुम्हाला कुणासारखं व्हावंसं वाटतं?’ सावित्रीमाई, रमाई ही नावे लगेच आली. मग सगळ्या गप्प. बारावीला बहात्तर टक्के मिळवलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मला नर्स व्हायचंय. पण आमच्यात कुणी झालेलंच नाही.’

त्याच विहारात, मागच्या रांगेत, नगरपालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या एक ताई बसल्या होत्या. घर तिसऱ्या गल्लीत. त्यांना आजवर कुणी दोन शब्द बोलायला उभे केले नव्हते. पाहुणे म्हणून पुरुषच बोलावले जातात. आम्हीही त्यातलेच.

या वेळी आम्हाला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. छोटेसे दुकान चालवताना मालाबरोबर आलेले रद्दीचे कागद त्या वाचून काढीत. पुढे स्वतः लिहू लागल्या, पण घरातल्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवीत. अशी कितीतरी वर्षे गेली. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण वाचले आणि हे छापलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. आज जगभर वाचले जाते ते. कुणी पाठीवर हात ठेवला नसता तर त्या वह्यांचे काय झाले असते, हा विचार आमची पाठ सोडत नाही.

समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ते आपण फलकावर रंगवतो. घरात मात्र पोराची परीक्षा आली की टीव्ही बंद, आणि पोरीची आली तरी नळावरचे हंडे तिनेच भरायचे.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्या मुलीची आणि ताईंची गाठ घालून दिली. ताईंनी तिच्या आईलाच जवळ घेतले. ‘रविवारी गुणपत्रिका घेऊन या, फॉर्म मी भरून देते,’ म्हणाल्या. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. दोन स्थळे आलेली आहेत.

भगिनींनो, तुमच्या वस्तीत पहिली नोकरी धरणारी, पहिली मॅट्रिक झालेली बाई कोण, ते आम्हाला कळवा. तिला कुणी साथ दिली आणि कुणी अडवले, तेही लिहा. या पानावर आम्ही छापू. ती हयात असेल तर तिला विचारून लिहा, आणि पुढच्या पौर्णिमेला पुढे बसवा.