माळ्यावर हात घालण्याआधी

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की दोन जीव एकदमच अडचणीत येतात: माळ्यावरचं गव्हाणी घुबड आणि कोकणात, घाटमाथ्यावर ओसरीच्या भिंतीला येऊन बसणारा ॲटलास पतंग. घुबड शिकारी, उंदीर अख्खा गिळणारं. पतंग वीतभर रुंद, पण त्याला खायला धड तोंडही नाही. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर फार तर आठ-पंधरा दिवस जगायचं, जोडीदार गाठायचा, बस्स. तरी दोघांवर काठी पडते ती बहुतेक वेळा एकाच समजुतीनं, की हा साप आहे!

पतंगाच्या पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी दिसतात. डिवचलं की तो पंख हलवतो आणि ती डोकीही हलू लागतात. हे सोंग पक्ष्यांना बुजवायला आहे. आपल्यापुढे ते त्याच्याच जिवावर उठतं. घुबडाची पिल्लं अंधारात फुसफुसतात. शत्रूला घाबरवायचं ते त्यांचं हत्यार. आवाज ऐकून खालून कुणीतरी ‘साप, साप’ ओरडतं आणि पुढचं सांगायला नको.

घुबडाला आणखी एक भय आहे. ज्या लक्ष्मीचं वाहन म्हणून त्याचं नाव घेतात, तिच्याच पूजेच्या अमावस्येला गुप्तधनाच्या लोभानं त्याचा बळी देणारे अजून आहेत. घुबड पकडणं, विकणं, मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. मांत्रिक हे सांगत नाही.

म्हणून या आठवड्यातच एवढं करा. माळा उपसण्याआधी बॅटरी मारून बघा. पिल्लं दिसली तर तो कोपरा ती उडेपर्यंत राहू द्या. साफसफाई पुढच्या महिन्यात झाली म्हणून लक्ष्मी रुसत नाही. त्या पिल्लांचे आईबाप रोज रात्री तुमच्याच शेतातले उंदीर उचलतात. पतंग भिंतीवर बसला असेल तर बसू द्या, तो चावत नाही की डसत नाही. पंखांना हात न लावता अंगणातला दिवा तेवढा मालवा, नाहीतर तो रात्रभर त्याच्याभोवतीच फिरून थकेल. आकाशकंदीलही झोपताना बंद करा.

खाली पडलेल्या पिल्लाला दूध-पाणी पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कुणी घुबड विकताना दिसला, तरी हाच क्रमांक.