प्रोस्टेटचे माप एकच हवे

साठी ओलांडलेले वडील रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात; पण लाजेपोटी कुणाजवळ बोलत नाहीत. शेवटी तपासणी होते आणि दोन ठिकाणच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेट ग्रंथीचा आकार वेगवेगळा निघतो. ग्रंथी झपाट्याने वाढली, असे समजून घरची मंडळी घाबरतात. पुष्कळदा फरक ग्रंथीत नसून मोजण्यात असतो.

ग्रंथीची लांबी, रुंदी व जाडी सेंटिमीटरमध्ये मोजतात. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात. समजा, मापे ६, ५.२ व ४.५ आली, तर आकार ७३ मिलिलिटर. जाडी ४.५ ऐवजी ५ धरली, तर तोच आकार ८१! ग्रंथीची साधी वाढ असेल, तर साधारण ८० मिलिलिटरपर्यंत लघवीच्या मार्गातून दुर्बिणीने ती खरवडतात. त्याहून मोठी असल्यास वाढलेला भाग लेसरने सोलून किंवा पोट उघडून काढण्याचा विचार होतो. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरने शस्त्रक्रियाच बदलू शकते.

कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढायची असेल, तर एमआरआयवर आणखी एक माप उपयोगी पडते. ग्रंथीच्या खालच्या टोकापासून शिश्नाच्या मुळापर्यंतच्या मूत्रनलिकेची लांबी. ही लांबी साधारण दीड सेंटिमीटरच्या आसपास असते. ती जास्त असेल, तर शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा लवकर परत येण्याचा संभव अधिक. एवढ्याशा मापात दोन-तीन मिलिमीटरची चूकही मोठीच.

यावर उपाय एकच. सर्वांनी एकाच नियमाने मोजणे. प्रोस्टेटचा एमआरआय वाचण्याची 'पाय-रॅड्स' ही आंतरराष्ट्रीय नियमावली २०१९ मध्ये सुधारली. लांबी व जाडी मधोमधच्या उभ्या छेदावर आणि रुंदी आडव्या छेदावर मोजावी, असे तीत सांगितले आहे. मूत्रनलिकेचेही आरंभ व शेवट कुठे धरायचे ते आधी ठरवावे. दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजावे; फार फरक आल्यास पुन्हा मोजावे.

आपण काय करावे? जुन्या फिल्म, सीडी व रिपोर्ट जपून ठेवा. सोनोग्राफीच्या आकड्याची तुलना एमआरआयच्या आकड्याशी करून घाबरू नका. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना नि:संकोच विचारा, "माप कशावर घेतले? पुन्हा पाहिले का?" आणि वडिलांना एकटे पाठवू नका, सोबत जा.