गाइड मिटा आणि सांगा

मागच्या शनिवार-रविवारी घरी गेलो होतो. घरी म्हणजे संभाजीनगरला. (शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण माझी जीभ अजून अधूनमधून औरंगाबादलाच उतरते. असो.) प्लॅन साधा होता: झोपणे, खाणे, परत झोपणे. मातोश्रींनी तो पहिल्या चहालाच हाणून पाडला. "मावशीकडे जाऊन ये. तिची बारावी आहे यंदा, जरा अभ्यास घे. एवढा इंजिनिअर झालास ना!" आपल्याकडे इंजिनिअरला वायफाय, वॉशिंग मशीन आणि बारावी या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात असा एक गोड गैरसमज आहे.

तर आमची मावसबहीण बारावी आर्ट्सला आहे आणि सोमवारी कॉलेजात सराव परीक्षेचा पेपर होता मानसशास्त्राचा. दहावीला चांगले मार्क असूनही हिने आर्ट्स घेतलं तेव्हा घरात जवळपास सुतक पाळलं गेलं होतं. त्यात मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. "मानसशास्त्र काय, पाठ केलं की झालं, स्कोअरिंग सब्जेक्ट आहे" हे वाक्य माझंच. आज ते मागे घ्यायला बसलोय, आणि जमलंच तर हे वाक्य म्हणणाऱ्या सगळ्यांशी भांडायलाही.

सिडकोतल्या त्यांच्या हॉलमध्ये गेलो तर टीपॉयवर औरंगपुऱ्यातून आणलेलं जाडजूड गाइड, एक अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या झेरॉक्स नोट्स आणि चार रंगांचे हायलायटर. गाइडची रंगपंचमी झालेली. बालभारतीचं पाठ्यपुस्तक या सगळ्याच्या खाली, कोरं करकरीत. उचलून चाळलं. पुस्तक वाईट नाहीये हो! बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, मानसिक विकार... आणि जागोजागी करून बघायला कृती दिलेल्या. म्हटलं, यातल्या किती केल्या? बाईसाहेब म्हणाल्या, "दादा, त्या गाइडमध्ये नाहीयेत."

मग बुद्धिमत्तेची व्याख्या विचारली. वेश्लरची व्याख्या एका श्वासात आली. हेतुपूर्वक कृती, विवेकी विचार, परिस्थितीशी परिणामकारकपणे जुळवून घेणे, वगैरे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हटलं, वा! आता यातलं शेवटचं म्हणजे काय, एक उदाहरण दे.

"उदाहरण विचारत नाहीत."

हे उत्तर तिने उद्धटपणे दिलं नाही, माहिती म्हणून दिलं. आणि उदाहरण तर तिच्या समोर स्वयंपाकघरात उभं होतं. या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर संसार केले. टाकी कधी भरायची, कोणतं पाणी कशाला, पाहुणे आले तर काय, हे सगळं मावशीच्या डोक्यात असायचं. हेतू, विवेक आणि परिस्थिती, तिन्ही एका हंड्यात. हे सांगितल्यावर बहीण हसली, मावशी खूष झाली आणि मला पोहे मिळाले. :-)

पोहे खाताना मला एक किडा सुचला. सकाळपासून ती व्यक्तिमत्त्वावरचं एक उत्तर वाचत होती, गाइडात आठ मुद्दे, तिच्या म्हणण्यानुसार पाचव्यांदा. म्हटलं, गाइड मिट, कोरा कागद घे, आठ मुद्दे लिही. तीन आले. चौथा अर्धा. मग पेन थांबलं आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. "दादा, खरंच, आत्ता वाचलं तेव्हा सगळं येत होतं."

माझं भांडण या एका वाक्यातल्या "येत होतं" शी आहे. तिला येत नव्हतं, तिला ते ओळखीचं वाटत होतं. अंताक्षरीत हे सगळ्यांना माहीत असतं: रेडिओवर लागलं की संपूर्ण गाणं पाठ, आणि "चला, सुरू करा" म्हटलं की दुसऱ्या ओळीला दांडी गुल. ऑटोकम्प्लीट चालू असलं की मलाही सगळा कोड येतो. समोर फळा आला की घाम फुटतो.

आणि गंमत बघा, हे जगाला कोणी शिकवलं? याच विषयाने! हरमान एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करत बसला आणि किती वेळात किती विसरतो हे मोजून त्याने १८८५ मध्ये पुस्तक छापलं. पाठ झालेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत, मग वेग मंदावतो. अंतर ठेवून पुन्हा आठवलं तर टिकतं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाला एकच उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदाच वाचायला दिला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आणि लिहिणारे ६१ वर. यातला खरा चटका असा, की आपल्याला आठवड्याने किती आठवेल याचा अंदाज मुलांना आधीच विचारला होता, आणि सगळ्यात जास्त खात्री चार वेळा वाचणाऱ्यांना होती.

परत वाचा ते वाक्य. सगळ्यात कमी येणाऱ्यांना सगळ्यात जास्त खात्री. आमचा अख्खा बारावीचा उद्योग या खात्रीवर चाललाय.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून क्रम लावला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोन सगळ्यात वर. हायलायटर मारणं आणि पुन्हा वाचणं खालच्या रांगेत. म्हणजे मानसशास्त्राच्या पेपरची तयारी आमची मुलं नेमकी त्या पद्धतीने करतात जी मानसशास्त्राने निकालात काढलीये. स्वयंपाकाच्या पुस्तकाची पानं भाजीत घालावीत, तसं.

आता काही जण म्हणतील, आला मोठा, पाठांतराला नावं ठेवणारा. अजिबात नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की आम्ही घोकंपट्टीसुद्धा धड करत नाही! आमची आजी संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणून घ्यायची. पाढे, पावकी, निमकी. हातात पुस्तक नाही. अडकलं की आजी पुढचा आकडा सांगायची नाही, नुसती बघायची. आणि हे रोज. न बघता आठवणं आणि थोड्या अंतराने पुन्हा आठवणं, म्हणजे डनलॉस्कीची दोन्ही औषधं त्या पाटावर होती. आम्ही परवचा जुनाट म्हणून टाकला आणि त्याच्या जागी चार रंगांचे हायलायटर आणले.

"पण बोर्डाला मुद्देच लागतात, मार्क मुद्द्यांनाच मिळतात" हा दुसरा आक्षेप. मान्य. मी कुठे म्हणतोय मुद्दे नकोत? ज्ञानासाठी ज्ञान वगैरे गप्पा मारायचा मला अधिकारही नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगची आठ सेमिस्टर तीन-तीन रात्रींच्या अभ्यासावर काढलीत. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डेडलॉकच्या चार अटी पेपरात छापल्यासारख्या लिहिल्या होत्या आणि पहिल्याच इंटरव्ह्यूत दोनच आठवल्या. मी मार्कांचंच बोलतोय. मार्कांसाठीसुद्धा ही पद्धत तोट्याची आहे.

मग चालते का? कारण ती सगळ्यांना सोयीची आहे. गाइडवाल्याला छापता येते, क्लासवाल्याला "रिव्हिजन बॅच" म्हणून विकता येते. आणि आपल्याला, म्हणजे आई-बाप, मावश्या आणि माझ्यासारखे उपटसुंभ दादा यांना, ती डोळ्यांनी दिसते. रात्री दोनला दिवा चालू, पुस्तक उघडं, लेकरू वाचतंय. केवढं समाधान! कोऱ्या कागदासमोर पेन चावत बसलेलं लेकरू मात्र टाइमपास करतंय असं वाटतं. आठवण्याचे कष्ट बाहेरून आळसासारखे दिसतात, त्याला कोण काय करणार.

इथपर्यंत मी मजेत होतो. मग तिने मानसिक विकारांचा धडा काढला. चिंता विकाराची लक्षणं पाच मुद्द्यांत पिवळी केलेली. ती वाचून दाखवता दाखवता थांबली आणि हळूच म्हणाली, "दादा, हे सगळं मला होतंय. झोप येत नाही, छातीत धडधडतं. गेले दोन महिने." मी काय केलं? हसलो. म्हटलं, मेडिकलच्या पोरांनाही प्रत्येक धड्यातला रोग झाल्यासारखा वाटतो. ती पण हसली आणि पान उलटलं. ते पान उलटलं गेलं ते माझ्यामुळे, हे मला संध्याकाळी गच्चीवर लक्षात आलं.

परत खाली जाऊन विचारलं. नीट, न हसता. पाऊण तास बोलली. आर्ट्स घेतल्याचं सुतक तिला अजून पुरतंय, ते सुतक पाळणाऱ्यांपैकी एक समोर बसलेला, आणि टक्के कमी आले तर "बघ, सांगितलं होतं" हे कोण कोण म्हणणार याची यादी तिला गाइडातल्या मुद्द्यांपेक्षा जास्त पाठ. मला विकार ओळखता येत नाही आणि मी ओळखायचा आवही आणला नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस नावाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. तो आम्ही दोघांनी मिळून लावला. काय बोलणं झालं ते तिचं तिच्याकडे. पण त्या धड्याला इतका रंग फासणाऱ्या मुलीला हा एक नंबर कुणीच पाठ करून घेतला नव्हता. "विचारत नाहीत" ना.

रविवारी रात्री पुण्याची गाडी पकडायच्या आधी मी गाइड कपाटात वर ठेवलं, हायलायटर खिशात घातले आणि पाठ्यपुस्तक व कोऱ्या कागदांचा गठ्ठा टीपॉयवर ठेवला. ठरलं असं: धडा एकदा वाचायचा, मिटायचा, लिहायचं, राहिलेलं बघायचं, दोन दिवसांनी परत. आणि अकराला दिवा बंद.

बुधवारी फोन आला, मावशीचा. "अरे, तू काय सांगून गेलास तिला? पोरगी नुसती कोऱ्या कागदाकडे बघत बसते रे. बारावी आहे तिची!"