वाहत्या नदीचे मोल

नदीवर जलविद्युत प्रकल्प उभा राहिला की तिचे मोल मेगावॅटमध्ये सांगता येते. ती नुसतीच वाहत राहिली, तर तिचे मोल कशात मोजायचे? विकासाच्या आपल्या हिशेबवहीत या प्रश्नाला रकानाच नाही. हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या काठी मात्र या प्रश्नाचे उत्तर गेली काही वर्षे शांतपणे दिले जात आहे, आणि तेही एका माशाच्या साक्षीने.

तो मासा म्हणजे ट्राउट. तो मूळचा इथला नव्हे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या करमणुकीसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रथम काश्मीरच्या आणि नंतर, १९०९ च्या सुमारास, कुलूच्या नद्यांमध्ये तो आणून सोडला. साहेब गेला, मासा राहिला. आज मत्स्य विभागाचा परवाना घेऊन देशविदेशांतील हौशी मंडळी तीर्थनच्या काठी येतात. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी गळाला लावायची आणि ती खऱ्या कीटकासारखी पाण्यावर अलगद उतरवायची, असा हा खेळ आहे. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

या खेळात पाहुण्याच्या महागड्या काठीपेक्षा स्थानिक वाटाड्याची नजर मोलाची ठरते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा एखाद्या शिळेच्या आडोशाला थांबतो. त्यामुळे त्याच्याकडे खालच्या अंगाने, पाठीमागून जावे लागते. कोणत्या ऋतूत कोणते कीटक पाण्यावर येतात आणि कोणता डोह कोणत्या प्रहरी जागा होतो, हे गावातल्या तरुणाला लहानपणापासून ठाऊक असते. ज्या ज्ञानाला कोणतेही विद्यापीठ पदवी देत नाही, त्याच्यावर आज तेथील काही घरांची चूल पेटते.

पण ट्राउटची एक अट आहे. त्याला थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. प्रकल्पासाठी पाणी बोगद्यात वळवले की खाली उरते ते दगडधोंड्यांचे कोरडे पात्र. शेजारच्या सैंज नदीवर पार्वती टप्पा तीन हा ५२० मेगावॅटचा आणि सैंज हा १०० मेगावॅटचा, असे प्रकल्प उभे राहिले. तीर्थनवरही लहान प्रकल्पांचे प्रस्ताव आले होते. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकाराने खोऱ्यातील लोकांनी त्यांना विरोध केला आणि ही नदी प्रकल्पांपासून मुक्त राहिली. तिच्या उगमाकडचा प्रदेश ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो, त्याला २०१४ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप जीवदयेचा. माशाला गळाला लावून पुन्हा सोडून देणे हा मुक्या जिवाशी खेळच नव्हे काय? उलटा काटा नसलेला गळ वापरला, ओल्या हातांनी मासा धरला, तरी त्याला यातना होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप स्वदेशीचा. हिमालयातील मूळचा असेला मासा, ज्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात पण जो कुळाने आपल्या रोहूचा नातलग आहे, त्याच्या अन्नात आणि जागेत हा परका वाटेकरी होतो. तेव्हा ट्राउटचे गोडवे गाताना असेल्याचा विसर पडता कामा नये. नदीचे रक्षण करायचे ते तिच्या सर्व लेकरांसाठी.

असे रक्षण आपल्या परंपरेला नवे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातील महसीर मासे देवीचे मानले जातात. त्यांना कोणी गळ टाकत नाही. तेथे श्रद्धेने जे साधले, ते तीर्थनच्या काठी परवाना, ठरलेला हंगाम आणि गावाचा रोजगार यांनी साधले आहे. ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मासेमारी बंद असते. मार्ग वेगळे असले तरी दोन्हींचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे संयम.

दर उन्हाळ्यात असंख्य मराठी कुटुंबे कुलू-मनालीला जातात. जुलै २०२३ च्या महापुरात बियास नदीने पात्रालगतची बांधकामे कशी ओढून नेली, हे त्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले आहे. त्यांच्यापैकी काहींनी औटहून तीर्थनकडे वळावे. हाती गळ धरलाच पाहिजे असे नाही. स्थानिकाच्या घरी उतरावे, वाटाड्याला त्याचे मोल द्यावे, प्लास्टिक परत आणावे आणि वाहत्या नदीकाठी चार घटका बसावे. जी नदी गावाला जगवते, तिला गाव जगवते. शासनाच्या हिशेबवहीत हा रकाना उघडायचा असेल, तर त्यातली पहिली नोंद समाजालाच करावी लागेल.