चार मित्र, दोन बंदुका

फार्सशी मराठी रसिकाचा परिचय जुना आहे. ब्रँडन टॉमस या इंग्रज लेखकाचे, १८९२ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेले ‘चार्लीज आँट’ आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’च्या रूपाने आपल्या घरात आणले, पुढे बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ या नाटकाने हा प्रकार येथे चांगलाच रुजवला. फार्सचे मर्म त्याच्या दारांत असते. एका दाराने कोणी आत येतो, त्याच क्षणी त्याच्या दृष्टीस पडता कामा नये असा दुसरा कोणी दुसऱ्या दाराने निसटतो, आणि दोघांचीही हालचाल ठाऊक असते ती केवळ प्रेक्षकाला. इंग्रजांच्या गुन्हेगारी विनोदपटांचे कूळ हेच. तेथे दारांच्या जागी लंडनच्या गल्ल्या येतात आणि मावशीच्या लुगड्याच्या जागी चोरीचा माल येतो, इतकेच.

हे कूळ ईलिंग स्टुडिओच्या काळापासून नांदते आहे. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१) मध्ये ॲलेक गिनेसने रंगवलेला पापभीरू कारकून बँकेचे सोने लुटतो आणि ते वितळवून आयफेल मनोऱ्याच्या खेळण्यांच्या रूपाने परदेशी धाडतो. ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) मध्ये एका साध्याभोळ्या वृद्धेच्या घरी उतरलेली दरोडेखोरांची टोळी वादकांचे सोंग घेते आणि अखेर एकमेकांच्या हातून नामशेष होते. त्या चित्रपटांची चाल मात्र सभ्य, टोपी उचलून नमस्कार करणाऱ्या गृहस्थासारखी होती. तिला धाप लागेल इतका वेग दिला तो गाय रिची या दिग्दर्शकाने, १९९८ च्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ या आपल्या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटात.

कथा चार मित्रांची आहे. प्रत्येकी पंचवीस हजार पौंड जमवून ते आपल्यातील पत्तेबहाद्दर एडीला हॅरी नावाच्या गुंडांच्या म्होरक्याच्या अड्ड्यावर पाठवतात. खेळ असतो ‘थ्री कार्ड ब्रॅग’. दिवाळीच्या रात्री बडोद्यापासून इंदूरपर्यंत जो तीन पत्तीचा डाव रंगतो, त्याचा हा इंग्रज पूर्वज. समोर शकुनीच बसलेला असल्यामुळे डावाचा निकाल आधीच ठरलेला आहे. एडीचे पत्ते चोरून पाहिले जात आहेत. लाखाची पुंजी जाते आणि वर पाच लाख पौंडांचे ऋण डोक्यावर बसते. मुदत एका आठवड्याची. हॅरीचा डोळा मात्र पैशांपेक्षा एडीच्या वडिलांच्या मद्यगृहावर आहे. त्या बापाने एका वास्तूत आपले आयुष्य ओतले आहे, आणि मुलाने ती एका रात्रीत, त्याला न विचारता, पणाला लावली आहे. या चित्रपटातील हसण्याच्या तळाशी ही भीती सतत असते.

पुढे जे घडते ते एखाद्या व्यापाऱ्याच्या वहीसारखे आहे. शेजारच्या खोलीतील टोळी गांजा पिकवणाऱ्या तरुणांना लुटण्याचा बेत करते. पातळ भिंतीतून तो या मित्रांच्या कानी पडतो आणि ते त्या लुटारूंनाच लुटायचे ठरवतात. त्यासाठी विकत घेतलेल्या दोन जुनाट बंदुका म्हणजे हॅरीनेच चोरवून आणवलेला, पण मूर्ख चोरांनी मोल न ओळखता विकून टाकलेला अमूल्य ऐवज. लुटलेला गांजा ज्या गुंडाला विकायचा, तो माल मुळात त्याचाच! प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा आहे. सबंध चित्र केवळ आपल्याजवळ आहे. चित्रपटाचे आकर्षण नुसत्या वेगात नाही. वेग कितीही असो, हिशेबातील एक पैही हरवत नाही, यात ते आहे. उधळलेल्या घोड्यांचा लगाम कोणाच्या तरी हाती आहे, हा विश्वास प्रेक्षकाला मोकळेपणाने हसू देतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. माणसे गोळ्यांनी पडत असताना हसावे काय? इंग्लंडमध्ये हा चित्रपट केवळ अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी होता, आणि त्यातील भाषा पाहता ते योग्यच होते. घरातील लहानांसमवेत पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. स्त्रियांना त्यात जवळजवळ स्थानच नाही, हे उणेही मान्य केले पाहिजे. परंतु तो गुन्ह्याला वीरश्रीचा मुकुट चढवत नाही. येथे शूर कोणी नाही. लोभाने आंधळे झालेले सारे एकमेकांवर आदळतात. माजी फुटबॉलपटू विनी जोन्स याने साकारलेला निर्दय वसुलीदार लहानग्या मुलाला बरोबर घेऊन हिंडतो, आणि त्याच्या तोंडी अपशब्द आलेला त्याला खपत नाही. या एका विसंगतीत माणसाविषयी जे सांगितले आहे, ते चार प्रवचनांत सांगता आले नसते. आपण हसतो ते मृत्यूला नव्हे. स्वतःला चतुर समजणाऱ्या लोभाच्या फजितीला हसतो.

हीच कथा पुढे हिंदीत येऊन आपल्याच घरातली झाली. ‘फिर हेरा फेरी’ (२००६) या चित्रपटाने गांजा, बंदुका आणि टोळ्यांचा हा गुंता बराचसा उचलला आणि त्यात बाबूराव गणपतराव आपटे यांना धोतरासह उभे केले. लंडनचा गुंता एका मराठी घरमालकाच्या अंगावर इतका चपखल बसावा, याचे कारण उघड आहे. झटपट श्रीमंत होण्याचा मोह आणि त्यापायी घरदार पणाला लावण्याची बुद्धी यांना कोणत्याही देशाची सीमा नसते.

इंग्रजीत ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ म्हणजे बंदूक तिच्या सर्व भागांसह, अर्थात सर्वच्या सर्व. शेवटच्या दृश्यात एक मित्र पुलाच्या कठड्यावरून खाली वाकलेला आहे. पुरावा नष्ट करण्यासाठी त्याला त्या बंदुका थेम्समध्ये टाकायच्या आहेत. तोंडात धरलेला फोन वाजतो आहे, आणि त्या बंदुकांची खरी किंमत सांगण्यासाठी मित्र पलीकडून जिवाचा आटापिटा करीत आहेत. चित्र तेथेच थिजते. सर्वस्व हाती आहे की पाण्यात, हे दिग्दर्शक सांगत नाही. जुगाऱ्याला तरी ते कधी वेळेवर कळते?